देव्हाऱ्यातल्या गोळ्या

पस्तिशी हे काही आठवणी लिहायचं वय नव्हे, असं माझ्या शिलाईच्या दुकानात येणाऱ्या बायका म्हणतील. म्हणू देत. ज्या मुलीशी डॉक्टर पुढच्या दिवाळीबद्दल बोलायचं टाळत होते, तिला पस्तिशी म्हणजे चांगलं पिकलेलं म्हातारपणच. डोळ्याला चष्मा लागलाय, सुईत दोरा ओवताना हात लांब धरावा लागतो, आणि या दोन्ही गोष्टींचं मला इतकं कौतुक वाटतं की समोरच्या बाईला वाटावं, हिचं डोकं जागेवर नाही. तेव्हा लिहिते. आईबाप दोघंही मला कळायच्या आत गेले आणि जाताना त्यांचा आजार माझ्या रक्तात ठेवून गेले, एवढं सांगितलं की मागचं पुरे झालं. खरी गोष्ट काकूच्या घरातली आहे.

काकू म्हणजे माझी चुलती. तिला मूल नव्हतं. माझी आई गेली तेव्हा भावकीतले सगळे माझ्याकडं लांबूनच बघत उभे होते. तिनं मला उचलून कडेवर घेतलं आणि घरी आणलं, ते मग कुणाला विचारायला गेली नाही. तात्या, म्हणजे चुलते, बेंबळी ते उस्मानाबाद काळीपिवळी जीप चालवायचे. आता धाराशिव म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं. तात्या फार बोलत नसत. जीपच्या हॉर्नवरून आम्हांला कळायचं की आज सवाऱ्या मिळाल्या की नाही. त्यांना मी 'तुम्ही' म्हणायची आणि काकूला 'तू', कारण काकूनं तसंच शिकवलं. "आईला कुणी तुमी म्हणतंय व्हय?" असं ती एकदा माझ्यावर ओरडली होती. घरात दिवस उजाडायचा तो भाकरी थापण्याच्या आवाजानं आणि मावळायचा तो तिच्या टाळीनं, कारण काकू देवीची आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला बसलेली माणसं बोलायची थांबत. तुळजापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर नसलं तरी काकू बोलायची अशी, जणू देवी शेजारच्याच घरात राहते आणि आपल्या घरातलं भांडण तिला ऐकू जातं.

औषध सुरू झालं तेव्हा पहिला प्रश्न पडला तो गोळ्या ठेवायच्या कुठं हा. आमच्या वस्तीवर कुणाच्या घरात कुणाला मज्जाव नव्हता. साखर संपली की शेजारीण यायची आणि आपल्या हातानं डबे उघडून बघायची. पेटी, फडताळ, धान्याची कणगी, सगळीकडं कुणाचा ना कुणाचा हात जायचा. एकच जागा अशी होती, जिथं घरातल्या माणसाखेरीज कुणी हात घालणार नाही. काकूनं डबीवरचा कागद नखानं खरवडून काढला, आतल्या गोळ्या वाजू नयेत म्हणून वर कापूस भरला आणि डबी देव्हाऱ्यात देवीच्या टाकामागं ठेवली. भिंतीतला कोनाडा, त्याला दोन छोटी लाकडी दारं, आत हळदीकुंकवानं लाल-पिवळे झालेले टाक. तिथं माझं जगणं कापसाखाली झाकून ठेवलं होतं, आणि याहून चांगली जागा त्या घरात नव्हती, असं मी आजही म्हणेन.

पण देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू फार दिवस नुसती वस्तू राहत नाही. पहिले काही दिवस काकू आरती झाल्यावर डबी काढून गोळी द्यायची. मग ती गोळी आधी देवीपुढं ठेवून मला द्यायला लागली. मग गोळी देताना माझ्या कपाळाला अंगारा लागायला लागला. सकाळी एक, दिवेलागणीला एक. मी उजव्या हाताखाली डावा हात धरून उभी राहायची, तीर्थ घेतात तशी, आणि काकू हातावर गोळी ठेवून म्हणायची, "आई, माझ्या लेकराला संबाळ." गोळी कडू होती, तासभर पोटात ढवळायचं, पण त्या हातानं आलेली गोळी थुंकावी असं मला कधी वाटलं नाही. काकू स्वतः बाजूला बसायची तेव्हा तात्या पूजा करायचे आणि गोळीही तेच द्यायचे, अंगाऱ्यासकट. एकही वेळ चुकायची नाही. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम आम्हांला बाकीच्यांपुढं उभं करून सांगायच्या, "अशी घ्यायची असतात औषधं." काकू तेव्हा पदर सावरून अशी बघायची, जणू मी पहिल्या नंबरानं पास झालेय.

मग मला पाळी आली. काकूनं मला न्हाऊ घातलं, गूळखोबरं दिलं, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोधडी टाकून बसवलं. चार दिवस कशाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी. आमच्याकडं सगळ्याच पोरी बसायच्या, त्याचं कुणाला दुःख नव्हतं. शाळेतून सुटका, झाडलोटीतून सुटका. संध्याकाळी आतून आरती ऐकू आली, घंटी वाजली, आणि काकू ताटली घेऊन बाहेर आली. भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती, कांदा होता. गोळी नव्हती.

"गोळी?" मी विचारलं.

"आता कशी द्यायची, बाळा? देवीपुढची हाय ती," काकू म्हणाली. "अन् तसंबी अंगातली घाण भाईर पडतीया. चार दिस पोटाला इसावा दे. पाचव्या दिशी न्हालीस की देते."

मला बरंच वाटलं. चार दिवस मळमळ नाही. काकूनं त्या चार दिवसांच्या गोळ्या पुन्हा डबीत टाकल्या नाहीत. देवीपुढं ठेवून कुणी न घेतलेला प्रसाद परत डब्यात कसा टाकायचा? तिनं त्या वाळल्या फुलांबरोबर फडक्यात बांधल्या आणि निर्माल्य म्हणून शेडमागच्या तळ्यात सोडल्या. मी शेडमधून बघत होते. त्यात काही चुकतंय असं माझ्या मनात आलं नाही, तिच्या तर येणारच नव्हतं. पुढं दर महिन्याला तसंच चालू राहिलं. दवाखान्यात मॅडम डबी बघायच्या, ती मोकळी असायची. "रोज घेतेस?" "रोज." हे खोटं नव्हतं. आमच्याकडची कुठलीही बाई 'मी रोज देवपूजा करते' म्हणते तेव्हा ते चार दिवस तिच्या रोजात धरलेलेच नसतात. दवाखान्यातला रोज निराळा असतो, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. आणि सांगायला हवं हे त्यांना तरी कुठून कळणार? गोळ्या तळ्यात जातायत हे त्यांना स्वप्नात आलं असतं तरी पटलं नसतं.

बिघडल्याचं पहिल्यांदा कळलं ते येळवशीला. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळी माणसं शेतात जेवायला जातात. कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदग्यातली आंबील. येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे परजिल्ह्यातल्या माणसाला दरवेळी सांगावं लागतं. सगळ्या शेंगांची, पाल्यांची डाळीच्या पिठात घोटलेली भाजी ती. त्या वर्षी आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. जीभ, टाळू, घसा, सगळं पांढऱ्या थरानं भरून आलं होतं. मी आंबील मातीत ओतली आणि वर माती ढकलली, कारण त्या दिवशी कुणी आंबील टाकत नाही. मग रोज दिवेलागणीला ताप यायला लागला. परकराची नाडी दर आठवड्याला जास्त आवळावी लागत होती. गळ्याखाली गाठ आली. काकूनं आधी दृष्ट काढली, मग नवस बोलली, मग तात्यांच्या जीपची पुढची सीट रिकामी ठेवून मला दवाखान्यात नेलं. तात्या आम्हांला दवाखान्यापासून लांब, चौकातच उतरवायचे. सवाऱ्यांनी बघू नये म्हणून. तेही मला तेव्हा चुकीचं वाटलं नाही.

पेशी पार खाली आल्या होत्या. पेशी म्हणजे आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी. रांगेतली माणसं एकमेकांना 'तुमच्या किती?' असं विचारत, पावसाचं विचारावं तसं. डॉक्टर कागद पालथा घालून काकूला म्हणाले, "ही गोळ्या घेत नाही." काकू हसलीच. "डाक्टर, म्या माझ्या हातानं देते." "मग ही टाकून देत असेल." "न्हाई ओ, देवीची आन." मग रक्त मुंबईला पाठवलं, आणि महिन्याभरानं पुन्हा बोलावलं. तो महिना कसा गेला ते मला नीट आठवत नाही. काकू रात्रंदिवस उशाशी असायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची, एवढंच आठवतं. मी सगळं नीट केलं होतं आणि तरी मरत होते. याच्याइतकं एकटं वाटायला लावणारं दुसरं काही मी नंतर अनुभवलं नाही. चूक सापडली असती तर निदान रागवायला काहीतरी मिळालं असतं.

त्या महिन्यानंतर गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर शबाना बसली होती. माझ्याच वयाची, उमरग्याकडची, माझ्यासारखीच जन्मापासूनची. पहाटेच्या एसटीनं अम्मीबरोबर यायची आणि दवाखान्यातही दात काढत बसायची. त्या दिवशी ती पोट धरून वाकली होती. काकू खिडकीपाशी केसपेपर काढायला गेली होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"महिना आलाय. त्यात अम्मीनं एसटीतच गोळी घ्यायला लावली. रिकाम्या पोटी. उलटी झाली असती ना कंडक्टरवर!"

मी म्हटलं, "पाळीत? पाळीत कशी घेतीस तू गोळी?"

ती माझ्याकडं बघायला लागली. "कशी म्हंजी? तोंडानं."

"म्हंजी... चालतंय?"

"अगं, त्या दिसांत नमाज माफ हाय, रोजा माफ हाय. गोळी कुठं माफ हाय?" ती हसली, आणि माझं तोंड बघून तिचं हसू जाग्यावर थांबलं. "तू घेत न्हाईस? येडी हाय का तू? मॅडमला सांगितलंस?"

मला तळं दिसत होतं. फुलांचं फडकं पाण्यावर उमलल्यासारखं मोकळं व्हायचं आणि गोळ्या खाली जायच्या. चूक सापडली होती, आणि ती होती काकूच्या दोन्ही हातांची. तेवढ्यात काकू माझा केसपेपर छातीशी धरून गर्दीतून वाट काढत आली. तिनं त्या दिवशी उपास धरला होता, मला उठवायला वाकली तेव्हा तिच्या तोंडाला उपाशी पोटाचा वास येत होता. "चल माझी वाघीण," ती म्हणाली.

आत डॉक्टर होते, मॅडम होत्या. डॉक्टर चांगले होते, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या समोर घेतली. म्हणाले, हे औषध आता तुझ्यावर चालत नाही. दुसरं आहे, ते मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या परवानगीनं मिळतं. पण त्याच्यापुढं आमच्याकडं काही नाही. तेही तू असंच वाया घालवलंस तर मग माझ्याकडं औषध नसेल. म्हणून मला खरं सांग, गोळ्या कुठं जातात? काकू मध्येच उसळली. "कुठं जात्याल? हिच्या पोटात जात्यात! तुमची औषधंच खोटी असत्याल. माझं लेकरू वाळून चाललंय अन् तुमी तिलाच इचारताव?" ती रडत होती, हात जोडत होती आणि भांडतही होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मावशी, कुणाचं तरी कुठंतरी चुकतंय. ते सापडल्याशिवाय नवीन औषध कसं देणार?" कुणाचं तरी. तो शब्द काकूच्या अंगावर यायला निघालाय असं मला दिसलं. आता कुणीतरी विचारणार, गोळ्या ठेवता कुठं, आणि ती छाती काढून सांगणार, देव्हाऱ्यात. मग मॅडम पुढचा प्रश्न विचारणार. काकूला ते कळलं तर ती त्या खुर्चीवरून उठणार नाही, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

"मी थुंकत होते," मी म्हटलं. "गोळी. काकू आत गेली की शेडमागं थुंकत होते."

काकूनं मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. हात गालावर बसला तो असा, की कानात घंटी वाजत राहिली. मॅडमनी तिला धरलं. ती जमिनीवर बसली आणि देवीचं नाव घेऊन रडायला लागली. देवीपुढची गोळी थुंकली या पोरीनं, आई, हिला पदरात घे, माझं काय चुकलं ते सांग. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना हवं ते कारण मिळालं होतं. मला बरं वाटलं का? नाही. मला वाटलं, आता मी आणखी एकटी झाले. परतताना जीपमध्ये काकू माझ्याकडं पाठ करून बसली होती, आणि तात्यांनी आरशातून माझ्याकडं एकदा बघितलं, मग घर येईपर्यंत पुन्हा बघितलं नाही.

नवीन औषध मिळायला पुष्कळ हेलपाटे झाले. मिळालं तेव्हा गोळ्या अशा जाड होत्या की बैलाला द्याव्यात. डबी पुन्हा देवीच्या टाकामागंच गेली. काकू माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नव्हती, पण अंगारा लावून गोळी द्यायची, गिळली की माझी हनुवटी धरून म्हणायची, "तोंड उघड. जीभ वर कर." तिचं बोट माझ्या गालाच्या आतून फिरायचं. मी तोंड उघडून उभी राहायची आणि ती दिव्याच्या उजेडात शोधायची, कुठं लपवलीय का. आजारपणात माझी पाळी गेली होती. त्यामुळं एकही दिवस चुकला नाही. औषध लागू पडलं. तोंडातला थर गेला, गाठ विरघळली, मी हुलग्याचं माडगं दोन वाट्या प्यायला लागले. काकूचा चेहरा उजळायला लागला. आणि मला मात्र अंगावर जसजसं मांस चढेल तसतशी भीती वाटायला लागली. मी बरी झाले की पाळी येणार होती. पाळी आली की पुन्हा चार दिवस. आणि याच्यापुढं औषध नव्हतं. मी रोज सकाळी परकर बघायची आणि कोरडा दिसला की देवीचे आभार मानायची. बरं होऊ नये अशी प्रार्थना करणारी मुलगी मी त्याच घरात होते.

पाळी आली ती घटस्थापनेच्या दिवशी. काकूनं घर सारवून काढलं होतं, पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरलं होतं, घट देव्हाऱ्यापुढं मांडायचा तेवढा राहिला होता. अंगणात आराधी बायका जमल्या होत्या, कुणी संबळ तापवत होतं, कुणीतरी हसत होतं. दिवेलागण झालेली. मी ठरवलं होतं, लपवायचं. गोळी घेऊन मग शेडात जाऊन बसू, देवीला जे करायचं ते करू दे. पण मी देव्हाऱ्याकडं वळले आणि मागून काकूचा आवाज आला, "थांब. परकराला काय लागलंय?"

मी थांबले नाही. दाराची कडी काढली आणि टाकामागं हात घातला. काकूनं धावत येऊन माझं मनगट धरलं. तिला आता घटाला हात लावता येणार नव्हता, हे तिलाही कळलं असणार, पण तिनं सोडलं नाही.

"अगं, आज? घटाच्या दिशी? भाईर हो! चार दिस सोड, पाचव्या दिशी..."

"काकू, सोडली की मी मरते."

"चार दिसानं कुणी मरत न्हाई."

"मरतंय," मी म्हटलं. "मरतच होते की."

बाहेर कुणीतरी काकूला हाक मारली, आरतीला उशीर होतोय म्हणून. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर मला आधी राग दिसला, मग तो कुठं गेला ते कळलं नाही. ती मनातल्या मनात काहीतरी मागं मागं जुळवत गेली. मला ते दिसत होतं आणि मला ते थांबवायचं होतं.

"तू थुंकत व्हतीस," ती म्हणाली. मी टाकांकडं बघत राहिले. "थुंकत व्हतीस का न्हाई? सुवर्णे, देवीपुढं हायीस. बोल."

"न्हाई," मी म्हटलं.

तिची बोटं माझ्या मनगटावरून सुटली. बराच वेळ ती देवीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. मग तिनं स्वतःच देव्हाऱ्यात हात घातला, डबी काढली, वरचा कापूस ओढून टाकला, आणि सबंध डबीच माझ्या हातात दिली. "तुझी तू घेत जा," ती म्हणाली. "कुठं ठिवायची तिथं ठिव. माझ्या हातचं हे घेऊ नगस."

"तसं न्हाई गं काकू. तुला काय ठाऊक होतं?"

"घे आधी."

मी डबीतून गोळी काढली आणि तिच्या हातात द्यायला गेले. उजव्या हाताखाली डावा हात धरून उभी राहिले, रोजच्यासारखी. मला तिनं मारलं होतं, माझ्याशी अबोला धरला होता, ते सगळं मी सोसलं असतं. हे मला सोसेना. "तू दे," मी म्हटलं. "काकू, तूच दे ना."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या घरात मी पुढं कितीतरी वर्षं काढली. तिनं मला भाकरी वाढली, न्हाऊ घातलं, लुगडी नेसायला शिकवली. मी गोळी घेताना ती रोज समोर येऊन उभी राहायची, गिळेपर्यंत हलायची नाही, आणि तेवढा वेळ तिचे हात पदराबाहेर येत नसत.